बेअर ब्रुकच्या पिंपातल्या चौघी: चाळीस वर्षांनी पूर्ण झालेली नावं

रानजाई

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्याने एका लहान मुलीचं नाव जाहीर केलं: रेआ रासमुसेन. तिचा मृतदेह २००० साली जंगलाच्या कडेला एका पिंपात सापडला होता. पंचवीस वर्षं कागदोपत्री तिला नुसतं 'मधली मुलगी' म्हणत होते. या प्रकरणावर मराठीत सविस्तर काही वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. लांबलाय, सवडीने वाचा.

न्यू हॅम्पशर हे ईशान्येकडचं छोटं, झाडीचं राज्य. तिथल्या ॲलनस्टाउन गावाला लागून बेअर ब्रुक हे राखीव जंगल आहे. १० नोव्हेंबर १९८५ ला एका शिकाऱ्याला तिथे, जळून गेलेल्या एका दुकानाच्या जागेजवळ, लोखंडी पिंप पडलेलं दिसलं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोन मृतदेह: एक तरुण बाई आणि एक मुलगी. दोघींना डोक्यात घाव घालून मारलेलं. पोलिसांनी चेहऱ्यांची चित्रं काढली, आसपास चौकशी केली, कुणीही पुढे आलं नाही. १९८७ मध्ये गावाने दोघींना एकत्र पुरून वर दगड बसवला. कोरायला नावं नव्हती म्हणून अंदाजे वयं कोरली: बाई २३ ते ३३, मुलगी ८ ते १०.

मे २००० मध्ये पहिल्या जागेपासून जेमतेम शंभर यार्डांवर तसंच दुसरं पिंप सापडलं. त्यात आणखी दोन लहानग्या. तेही पिंप पहिल्यापासून तिथेच पडून असणार, कुणी तेवढं अंतर पुढे जाऊन पाहिलंच नव्हतं. मला या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते. डीएनए तपासणीत बाईचं आईकडून चालणारं नातं मोठ्या आणि धाकट्या मुलीशी जुळलं. मधलीचं मात्र त्या तिघींपैकी कुणाशीच नाही.

धागा सापडला तो पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात. १९८६ मध्ये स्कॉट्स व्हॅलीतल्या एका ट्रेलर पार्कमध्ये एक माणूस पाचेक वर्षांच्या मुलीला सोडून पसार झाला. स्वतःला तिचा बाप म्हणवत होता. पुढे २००२ मध्ये हाच माणूस यूनसून जून या बाईच्या खुनात पकडला गेला, आणि डीएनएवरून कळलं की तो त्या मुलीचा बाप नाहीच. मग ही लेक कुणाची? त्याने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. २०१० मध्ये तुरुंगातच मेला, तेव्हा त्याचं खरं नावही पोलिसांना ठाऊक नव्हतं.

२०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या शेरीफ खात्याने बार्बरा रे-व्हेंटर यांची मदत मागितली. या बाई पेटंट वकील, निवृत्तीनंतर वंशावळींच्या कामात पडलेल्या. दत्तक गेलेल्यांचे जन्मदाते शोधायची जी पद्धत त्या वापरत, तीच त्यांनी इथे लावली: आता मोठ्या झालेल्या त्या मुलीचा डीएनए घ्यायचा, तो जाहीर साठ्यांत टाकायचा, दूरचे भाऊबंद कोण निघतात ते पाहायचं, आणि त्यांचे वंशवृक्ष मागे मागे नेत पुन्हा खाली उतरत यायचं. २०१६ मध्ये उत्तर आलं. मुलगी मूळची न्यू हॅम्पशरची. आई डेनिस बोडिन, १९८१ च्या थँक्सगिव्हिंगनंतर (नोव्हेंबरअखेरचा सण) तिथल्याच मँचेस्टर शहरातून दिसेनाशी झालेली. देणी झाली म्हणून ती आणि तिचा मित्र गाव सोडून गेले असतील, असं घरच्यांनी धरून चाललं. पोलिसांत तक्रारच गेली नाही. डेनिस आजतागायत सापडलेली नाही.

मँचेस्टर ते ॲलनस्टाउन अंतर फार नाही. तपास अधिकाऱ्यांनी त्या मेलेल्या कैद्याचा डीएनए पिंपातल्या चौघींशी ताडून पाहिला, तर तो मधल्या मुलीचा बाप निघाला. २०१७ मध्ये त्याचं खरं नावही मिळालं: टेरी रासमुसेन. म्हणजे खुनी सापडला, पण मारल्या गेलेल्या अजून बिननावाच्याच.

पुढचं काम दोन वाटांनी झालं आणि दोन्ही वाटा एकाच घराशी आल्या. हाडांतला डीएनए फार खराब झाला होता. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठातले एड ग्रीन हे निअँडर्थल मानवाच्या जनुकांवर काम केलेले शास्त्रज्ञ. मूळ नसलेल्या केसातून उपयोगी पडेल इतका डीएनए काढायची रीत त्यांनी बसवली, आणि त्यावरून रे-व्हेंटर यांना नातेवाईक शोधता आले. दुसऱ्या बाजूने कनेक्टिकटमधल्या एक ग्रंथपाल बाई रात्री-बेरात्री वंशावळींच्या जुन्या चर्चाफलकांवर हरवलेल्या मुलींबद्दलचे संदेश चाळत होत्या. तिथे त्यांना सारा मॅकवॉटर्स नावाच्या मुलीला शोधणाऱ्या नातलगांचा संदेश दिसला. त्यांच्याशी बोलताना कळलं की साराची आई ज्याच्याबरोबर निघून गेली, त्याचं आडनाव रासमुसेन.

जून २०१९ मध्ये तीन नावं जाहीर झाली. आई मार्लीस हनीचर्च, मोठी मुलगी मरी व्हॉन, धाकटी सारा मॅकवॉटर्स. १९७८ च्या थँक्सगिव्हिंगला मार्लीस कॅलिफोर्नियात माहेरी आली होती, आईशी वादावादी झाली, ती पोरींना घेऊन रासमुसेनबरोबर निघाली ती कायमची. मधलीचं नाव मिळायला आणखी सहा वर्षं गेली. ते अनोळखी मृतांची नावं शोधणाऱ्या डीएनए डो प्रोजेक्ट या संस्थेच्या स्वयंसेवकांनी शोधलं. रेआची आई पेपर रीड, तीही सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून बेपत्ता आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रयोगशाळेने नाव दिलेलं नाही. तिने दिली ती दूरच्या नातेवाइकांची यादी. नाव आलं ते कुणीतरी नीट लिहून ठेवलेल्या वंशावळीतून, जन्माच्या दाखल्यातून, आणि वर्षानुवर्षं 'आमची पोर कुठे आहे हो' असं विचारत राहिलेल्या नातलगांकडून. आपल्याकडे यातलं काय आहे आणि काय नाही, यावर इथल्या जाणत्यांनी लिहावं ही विनंती.

अबोली

वाचून सुन्न झाले. शंभर यार्डांवरचं दुसरं पिंप पंधरा वर्षं दिसू नये... लेख उत्तम झालाय रानजाईताई.

सातबारा

फार तपशिलात लिहिलंय, धन्यवाद. एक शंका. डीएनए तर १९८६ पासून तपासात आहे. मग २०१८-१९ पर्यंत हे का जमलं नाही?

रानजाई

सातबारा, पोलिसांचा नेहमीचा डीएनए आणि हा डीएनए यांत फरक आहे. पोलिसांच्या साठ्यात प्रत्येक माणसाच्या मोजक्या जागा नोंदवतात. अमेरिकेत आधी १३ होत्या, २०१७ पासून २० झाल्या. तेवढ्यावरून हा माणूस तोच का, किंवा हे आईबाप याचेच का, एवढं पक्कं सांगता येतं. चौथ्या पिढीतला भाऊबंद त्यातून कळत नाही. आणि मुळात तो माणूस किंवा त्याचा अगदी जवळचा नातलग त्या साठ्यात असावा लागतो.

वंशावळीवाले सहा-सात लाख जागा तपासतात. मग दोन माणसांच्या डीएनएचे किती लांबीचे तुकडे सारखे आहेत ते मोजतात. त्याचं माप सेंटीमॉर्गन. आईबाप आणि मुलात साधारण ३४०० जुळतात. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत सरासरी ८६६, त्यांच्या मुलांमुलांत २३० च्या आसपास, त्यापुढच्या पिढीत ७३. बहुतेक अनोळखी मृतांच्या बाबतीत हातात येतं ते हे शेवटचं किंवा त्याहून दूरचं नातं. तिथून खरी मेहनत सुरू होते. दोन-तीन दूरचे नातलग एकमेकांना कुठे जुळतात ते खापरपणज्यापर्यंत जाऊन शोधायचं आणि मग त्याची सगळी लेकरं-नातवंडं उतरवून काढायची.

शिवाय जुन्या हाडांतला डीएनए उंदरांनी कुरतडलेल्या पोथीसारखा झालेला असतो, मधली पानंच नसतात. उरलेल्या तुकड्यांवरून वाचायचं तंत्र अलीकडेच हाती आलं.

जेडमॅच हा साठा २०१० पासून होता, तो हौशी वंशावळकारांनी स्वतःसाठी उभा केला होता. एप्रिल २०१८ मध्ये त्यातूनच कॅलिफोर्नियातला, कित्येक वर्षं न सापडलेला मालिका खुनी जोसेफ डीअँजेलो पकडला गेला आणि जगाला या पद्धतीचा पत्ता लागला. त्याच वर्षी 'सायन्स' नियतकालिकात यानिव्ह एर्लिक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. १२.८ लाख लोकांच्या साठ्यावरून त्यांनी मांडलं की युरोपीय वंशाच्या ६० टक्के अमेरिकनांना त्यात निदान तिसऱ्या पिढीचा चुलत भाऊबंद सापडेल.

पिंपळपान

मी सरकारी रुग्णालयात शवविच्छेदनाच्या विभागात बरीच वर्षं काम केलं. आपल्याकडची बाजू लिहितो.

बेवारस मृतदेह आला की ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो. त्यातली भाषा ठरलेली: वय अंदाजे तीस ते पस्तीस, बांधा मध्यम, रंग सावळा, अंगात हिरव्या रंगाची साडी, डाव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेले. फोटो निघतात, शेजारच्या ठाण्यांना बिनतारी संदेश जातो. मिसिंगच्या नोंदींशी ताडून बघतात. काही दिवस वाट पाहायची, कुणी आलं नाही तर अंत्यविधी.

पूर्वी ओळख पटायची ती शिंप्याच्या लेबलावरून. शर्टाच्या कॉलरला आत शिवलेली ती चिंधी, त्यावर दुकानाचं आणि गावाचं नाव. हवालदार ती कापून खिशात घालायचे आणि एसटीने त्या गावी जायचे. शिंपी माप ओळखायचा, कापड ओळखायचा. एका प्रकरणात शिंप्याने खिशाला आतून लावलेला जादा खिसा बघून सांगितलं, हा अमुक वाडीचा दूधवाला, पैसे ठेवायला करून घेतला होता. आता सगळे तयार कपडे घालतात, ती वाट बुजली.

गोंदण अजून उपयोगी पडतं. दातांवरून ओळख आपल्याकडे कमी, कारण दातांच्या डॉक्टरकडे कागद राहत नाही.

माझी कळकळ एका गोष्टीची आहे. प्रत्येक अनोळखी मृतदेहाची एक दाढ, मांडीच्या हाडाचा छोटा तुकडा, किंवा रक्ताचे चार थेंब नमुन्याच्या कार्डावर वाळवून, क्रमांक टाकून जपून ठेवले पाहिजेत. खुनाचा उघड संशय असेल तिथे नमुना घेतात. पण नदीतून आलेला, रेल्वेरुळावरचा, कुजलेला, जिथे कारण 'निश्चित सांगता येत नाही' असं आम्ही लिहितो, तिथे तो राहून जातो. खुनी नेमका असाच मृतदेह आपल्यापर्यंत पाठवत असतो. शरीर गेलं, नमुना नाही, की पुढची सगळी विज्ञानाची प्रगती त्या माणसाच्या काही कामाची नाही.

अबोली

डॉक्टर, तुमच्या मुद्द्यावरून मार्शिया किंगची हकीकत लिहाविशी वाटली.

२४ एप्रिल १९८१ ला ओहायोतल्या ट्रॉय गावाजवळ रस्त्याकडेच्या चरात एका मुलीचा मृतदेह सापडला. लाल-तपकिरी केसांच्या दोन वेण्या, अंगात झालरी लावलेलं कातडी जाकीट. गळा दाबलेला, डोक्याला मार. त्या जाकिटावरून सगळे तिला 'बकस्किन गर्ल' म्हणत. सदतीस वर्षं तिची ओळख पटली नाही.

तेव्हा काढून ठेवलेला रक्ताचा नमुना मात्र कुणी टाकून दिला नव्हता. कॉलीन फिट्झपॅट्रिक आणि मार्गारेट प्रेस या दोघींनी २०१७ मध्ये डीएनए डो प्रोजेक्ट सुरू केला, आणि २०१८ मध्ये त्याच नमुन्यावरून नाव शोधलं. साठ्यात माहिती चढवल्यावर अवघ्या काही तासांत कुटुंब सापडलं, कारण जवळचं नातं जुळलं. मार्शिया एकवीस वर्षांची होती, आर्कान्साची. तिच्या आईने इतक्या वर्षांत घर बदललं नव्हतं, फोनचा नंबरही तोच ठेवला होता. लेक कधी फोन करेल तर लागला पाहिजे म्हणून.

खुनी अजून सापडलेला नाही.

कुळकथा

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं काम मी करतेय, म्हणून रानजाईताईंच्या शेवटच्या प्रश्नावर लिहिते.

वंशावळी आपल्याकडे भरपूर आहेत. कोकणस्थ-देशस्थ घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घरोघरच्या पिढ्या गाववार लिहिलेल्या आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी दारोदार येऊन वंशावळ वाचतात आणि नवीन जन्म टिपून घेतात. गोव्यात ख्रिस्ती कुटुंबांचे बाप्तिस्मे आणि लग्नं चर्चच्या नोंदवह्यांत सापडतात. अशा जागा माहीत असलेला माणूस चार-पाच पिढ्या सहज मागे जातो.

अडचण बायकांची आहे. आमच्या जुन्या आवृत्तीत मुलगा असेल तर जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं. मुलगी असेल तर नाव आणि पुढे 'सासर अमुक'. कधी नावही नाही, 'कन्या ३' एवढंच. लग्नात नाव बदललं की माहेरच्या कागदातली कृष्णा आणि सासरच्या कागदातली रमाबाई एकच, हे सांगणारं माणूस गेलं की दुवा तुटला. आणि खून होऊन बेवारस टाकल्या जाणाऱ्यांत बायका किती असतात! डीएनए अर्धा आईकडून येतो, आपल्या वह्यांत मात्र आई जेमतेम सापडते. नव्या आवृत्तीत आम्ही प्रत्येक लेकीची पुढची दोन पिढ्यांची माहिती घ्यायचं ठरवलंय. काही ज्येष्ठांचा विरोध झाला, पण आम्ही रेटून नेलं.

दुसरी अडचण गणिताची. रानजाईताईंनी दिलेले आकडे तिकडच्या कुटुंबांवरून काढलेले आहेत. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, त्यातही ठरावीक गावांतच सोयरिकी. काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न. अशा ठिकाणी दोन माणसं चार बाजूंनी नातेवाईक असतात. डीएनए जुळतो तो या सगळ्या नात्यांची बेरीज होऊन, त्यामुळे पाचव्या पिढीतला माणूस सख्ख्या आतेभावाच्या मुलासारखा दिसू शकतो. तिथे नुसत्या बेरजेकडे न बघता एकेक तुकडा किती लांब आहे ते बघावं लागतं. जवळच्या नात्यात मोठे तुकडे जुळतात, दूरच्या अनेक नात्यांत बारीक बारीक पुष्कळ.

तांबडी माती

सगळं वाचलं. राग मानू नका, पण पटत नाही. आपल्याकडे आज झालेल्या खुनाचा अहवाल वेळेवर येत नाही, प्रयोगशाळांत नमुने पडून आहेत. अशा वेळी चाळीस वर्षांपूर्वीच्या मृतांवर पैसा आणि माणसं लावायची का? खुनीही बहुतेक मेलेला असणार.

पिंपळपान

तांबडी माती, प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळांवरचा ताण मी जवळून पाहिलाय.

पण खुनाचा तपास मृताच्या नावापासून सुरू होतो. शेवटचा कुणाबरोबर दिसला, कुणाशी भांडण होतं, पैशाचा व्यवहार काय, हे सगळं नाव कळल्यावरच विचारता येतं. रासमुसेनने १९७८ च्या सुमारास मार्लीसला नेलं. पहिल्या दोघींची नावं १९८५ मध्येच कळली असती तर तो तेव्हाच संशयित झाला असता, आणि २००२ मध्ये यूनसून जून वाचली असती. अनोळखी मृतदेह हा मोकाट फिरणाऱ्या माणसाचा मागोवा असू शकतो. आणि मी म्हणतोय ते जुन्यांबद्दल नाहीच, आजचा नमुना आज जपून ठेवा एवढंच. त्याला खर्च फार नाही. एक कार्ड, एक पाकीट, कोरडं कपाट आणि वही.

सातबारा

डॉक्टरांशी सहमत. आणि खुनी सापडलाच नाही तरी नावाचं मोल असतं. फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९५७ मध्ये पाळण्याच्या रिकाम्या खोक्यात चारेक वर्षांच्या मुलाचा मृतदेह सापडला होता, मारहाणीच्या खुणा असलेला. तपास करणारे पोलीस निवृत्त झाले तरी त्याच्या थडग्यावर जात राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये नाव कळलं, जोसेफ ऑगस्टस झरेली. डीएनएवरून आईकडचे नातलग मिळाले, मग तिच्या मुलांचे जन्मदाखले न्यायालयाच्या परवानगीने काढले, त्यात हा सापडला. १३ जानेवारी २०२३ ला, त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी, दगडावर त्याचं नाव आलं. तोवर त्या दगडावर 'अमेरिकेचं अनोळखी बाळ' असं होतं. कुणी मारलं ते अजून सिद्ध झालेलं नाही.

नोंदवही

वकिली करते, म्हणून कायद्याची बाजू मांडते.

भारतात हे तंत्र नवं नाही. १९९५ च्या नैना साहनी खून खटल्यात दिल्लीत तंदुरीत जाळलेल्या मृतदेहाची ओळख हैदराबादच्या लालजी सिंग यांनी आईवडिलांच्या रक्ताशी ताडून पटवली होती. पण तिथे कुणाशी ताडायचं हे माहीत होतं. माहीत नसेल तर लागतो साठा, आणि तो आपल्याकडे कायद्याने उभा राहिलेला नाही. २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या डीएनए विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्यासाठी स्वतंत्र सूची होत्या. जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. २०२२ चा ओळख पटवण्याचा कायदा आहे, पण त्याचा रोख अटक झालेल्या आणि शिक्षा झालेल्यांवर आहे. हरवलेल्याच्या आईला स्वतःहून नमुना देऊन ठेवता येईल अशी देशभराची सोय त्यातून होत नाही.

विधेयकाला विरोध करणाऱ्यांचीही बाजू मला पटते. डीएनएत माणसाची जात लिहिलेली नसली तरी जातीतल्या जातीत लग्नं होणाऱ्या देशात तो साठा गैरमार्गाने वापरला जाऊ शकतो. अमेरिकेतही हे झालं. जेडमॅचने मे २०१९ मध्ये नियम बदलला आणि ज्यांनी स्पष्ट संमती दिली त्यांचीच माहिती गुन्हेगार शोधायला वापरायची असं ठरवलं. कारण माझ्या चुलत भावाने नमुना दिला की थोडी मीही त्यात येते, मला कुणी न विचारता. मला वाटतं अनोळखी मृतांची आणि बेपत्तांच्या नातलगांची सूची पूर्ण वेगळी असावी, आरोपींच्या सूचीशी ती कधीही ताडू नये, आणि हे कायद्यात लिहिलेलं असावं.

नमुना आणि मिसिंग यांची सांगड किती महत्त्वाची आहे ते रायगडनेही पाहिलंय. मे २०१२ मध्ये पेण तालुक्यात गागोदे गावाजवळ जळालेले अवशेष मिळाले आणि तीन वर्षं ते अनोळखीच राहिले. २०१५ मध्ये दुसऱ्याच प्रकरणात पकडलेल्या एका चालकाच्या जबाबावरून तपास तिथवर पोचला. तेच शीना बोरा प्रकरण. खटला चालू असल्यामुळे जास्त लिहीत नाही.

खारवी

मी कधी इथे लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते.

माझे थोरले काका गिरणीत होते. रत्नागिरीहून मुंबईला गेलेले, लालबागला खानावळीत जेवायचे, गाळ्यावर राहायचे. १९७९ च्या गणपतीला आले नाहीत. शिमग्यालाही नाहीत. आजोबा मुंबईला गेले तर गाळ्यावरचे म्हणाले, दोन महिने झाले, ट्रंक इथेच आहे. कुणाशी पैशावरून हाणामारी झाली होती म्हणे. आजोबा ट्रंक घेऊन परत आले. पोलिसांत गेले नाहीत. घाबरले असतील, किंवा कुठल्या ठाण्यात जायचं हेच कळलं नसेल.

आजीने रेशनकार्डावरचं नाव कमी करू दिलं नाही. तलाठ्याने, दुकानदाराने किती वेळा सांगितलं. कार्ड बदललं तेव्हा तिने पुन्हा लिहून घेतलं. दिवस घातले नाहीत की वर्षश्राद्ध केलं नाही. ती गेली तरी आमच्याकडे पितृपक्षात काकांचं पान वाढत नाहीत, कारण गेले असं कुणी म्हटलेलंच नाही.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, हे एकटेच भाऊ उरलेत. माझा मुलगा अमेरिकेत आहे. तो म्हणतो, आजोबांची लाळ पाठव, मी त्या साठ्यात टाकतो. उपयोग होईल का?

रानजाई

खारवीताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

खरं सांगते, काका मुंबईत गेले असतील तर तिकडच्या साठ्यातून उत्तर मिळण्याची आशा जवळजवळ नाही. त्या साठ्यात अनोळखी मृत आहेत ते तिथल्या पोलिसांनी चढवलेले. काका जिवंत राहून कुठे दूर गेले असतील, त्यांना मुलंबाळं झाली असतील आणि त्यांपैकी कुणी चाचणी केली असेल, तर मात्र जुळू शकतं. असंही झालेलं आहे. म्हणून बाबांचा नमुना आत्ता घ्याच. सख्ख्या भावाचा नमुना त्याच्या मुलाच्या किंवा नातवाच्या नमुन्यापेक्षा कितीतरी मोलाचा, आणि तो नंतर मिळत नाही. शिवाय काकांच्या बालपणापासूनचं जे काही बाबांना आठवतंय ते बोलतं करून रेकॉर्ड करा.

नोंदवही

खारवीताई, आधी मिसिंगची तक्रार द्या. कितीही वर्षं झाली तरी देता येते. तुमच्या गावच्या ठाण्यात द्या, काका शेवटचे लालबागला राहत होते हे त्यात लिहा. बाबांचा जबाब होऊ द्या, कारण प्रत्यक्ष माहिती असलेले तेच आहेत. ठाण्यात टाळाटाळ झाली तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. त्यानंतर माहितीच्या अधिकारात १९७९-८० च्या त्या महिन्यांतल्या अनोळखी मृतांच्या नोंदी मागा. त्या शिल्लक नसतील तर तसं लेखी उत्तर मिळेल, तेही फायलीला लावा. अर्जाचा मसुदा मी करून देते, इथल्या विचारपूस (विपु) मधून संपर्क करा.

पिंपळपान

अर्जात उंची, हाड मोडलं होतं का आणि कुठलं, पुढच्या दातांची ठेवण, गोंदण, भाजल्याची किंवा यंत्राने कापल्याची खूण, कोणत्या हाताने काम करायचे, हे सगळं लिहा. गिरणीत कोणत्या खात्यात होते तेही लिहा. आणि ट्रंक घरात असेल तर तिच्यातला कंगवा, टोपी, दाढीचं सामान काही असेल तर हात न लावता कागदाच्या पाकिटात घालून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते.

खारवी

ट्रंक माळ्यावर आहे. दादाला सांगितलंय, हात लावू नकोस म्हणून. शनिवारी गावी जातेय, बाबांना घेऊन सोमवारी ठाण्यात जाऊ. नोंदवहीताई, विपु केली आहे, मसुदा तेवढा रविवारपर्यंत मिळेल का?